शिशाचे शिपाई आणि खरी रणांगणे



दिवाळी आली म्हणजे आपल्या वाड्यांच्या अंगणांतून आणि चाळींच्या कोपऱ्यांतून दगडमातीचे किल्ले उभे राहतात. उतारावर अळीव पेरलेला असतो, बुरुजांवर कुंभाराकडून आणलेले मावळे बसतात, माचीवर महाराजांचे सिंहासन असते, आणि पायथ्याशी गुहेतून एक वाघ डोकावत असतो. हा वाघ बहुधा दरवाजाहून मोठा असतो. त्याचे कोणाला काही वाटत नाही. मुले किल्ला मांडतात, चार दिवस मिरवतात आणि मोडतात. त्या किल्ल्यावर लढाई अशी होत नाही. ती आधीच जिंकलेली असते.

आता अशी कल्पना करा, की केस पिकलेला एखादा गृहस्थ असाच एक मुलूख मेजावर मांडतो. टेकड्या मोजून मापून ठेवतो, नदी जिथे होती तिथेच काढतो, दोन्ही बाजूंच्या पलटणी त्या दिवशी जिथे उभ्या होत्या तिथे उभ्या करतो आणि समोर बसलेल्या मित्राला म्हणतो, “चल, आता तुझी पाळी. तू या वाटेने न येता त्या वाटेने आलास तर काय होते ते पाहू.” हा छंद युरोप-अमेरिकेत हजारो माणसांना जडलेला आहे. तो पोरकट आहे असे म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु त्याच्या पोटात इतिहासाचा एक अवघड प्रश्न दडलेला आहे आणि त्या प्रश्नापायी माणसांची आयुष्ये खर्ची पडलेली आहेत. आज मला त्या माणसांविषयी बोलावयाचे आहे.

मुळाकडे जायचे तर आपल्याच दारी यावे लागते. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे, त्यांचे चतुरंग. तेथून इराणात शतरंज, आणि पुढे अरबांमार्फत युरोपात बुद्धिबळ. पण पटावरच्या युद्धात दोन गोष्टी नाहीत: जमीन नाही, आणि अज्ञान नाही. प्रत्येक घर दुसऱ्या घरासारखेच सपाट, आणि शत्रूचे प्रत्येक मोहरे आपल्या डोळ्यांसमोर. १७८० साली जर्मनीत ब्रुन्स्विक येथे हेलविग नावाच्या एका शिक्षकाने बुद्धिबळाचा पट वाढवून १६१७ घरांचा केला आणि त्यांत डोंगर, पाणी, गावे रंगवली. जमीन आली, अज्ञान यायचे होते.

ते आणले राइस्विट्झ पितापुत्रांनी. बाप प्रशियाच्या राज्यातील मुलकी अधिकारी. त्याने चौकोनी घरे मोडून टाकली आणि उंचसखल भूमीचे तुकडे घडवून, हवा तो प्रदेश जुळवता येईल असे एक मोठे मेजच बनवले. १८१२ साली ते राजाला नजर केले. राजा आणि राजपुत्र पॉट्सडॅमच्या वाड्यात त्यावर खेळत. मुलगा तोफखान्यात लेफ्टनंट होता. त्याने मेज बाजूला सारले आणि खरा लष्करी नकाशा घेतला. १८२४ साली त्याने नियमांचे पुस्तक छापले. प्रमाण एकास आठ हजार. एक डाव म्हणजे प्रत्यक्षातील दोन मिनिटे. फौजा म्हणजे लाल आणि निळ्या लहान पट्ट्या. गोळीबाराचा परिणाम फाशाने ठरवायचा, पण तो मनास येईल तसा नव्हे. किती अंतरावरून किती गोळ्या लागतात याचे प्रयोगांतून मिळालेले आकडे त्यामागे होते. आणि मुख्य म्हणजे मध्ये एक पंच. खेळाडूने हुकूम लेखी द्यावयाचा, पंचाने तो पोहोचावयास किती वेळ लागेल ते मोजावयाचे, आणि ज्याला जे दिसणे शक्य आहे तेवढेच त्याला दाखवावयाचे. टेकडीमागची फौज टेकडीमागेच राहते.

प्रशियाच्या जनरल स्टाफचा मुख्य म्युफलिंग हा खेळ पाहावयास आला तो थोडा नाखुषीनेच. पट उलगडला, डाव रंगला, आणि म्हातारा हळूहळू पुढे सरकला. शेवटी त्याने सांगितले, की हा खेळ नव्हे, ही युद्धाची शाळा आहे. मी साऱ्या सैन्याला याची शिफारस करीन. त्याने ती केली. पलटणीपलटणीला पट गेले. राइस्विट्झचा मात्र त्यात लाभ झाला नाही. तरुण लेफ्टनंटाने सेनापतींना युद्ध शिकवावे हे पुष्कळांना सोसले नाही. त्याची बदली राजधानीपासून दूर टोर्गाऊच्या किल्ल्यावर झाली आणि १८२७ साली त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. १८६६ साली ऑस्ट्रियाचा आणि १८७० साली फ्रान्सचा प्रशियाने धुव्वा उडवला तेव्हा साऱ्या युरोपला या खेळाची आठवण झाली. मग सर्वांनीच त्याची भाषांतरे केली.

या म्युफलिंगचे नाव ध्यानात ठेवा. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूच्या रणावर तो वेलिंग्टनच्या छावणीत प्रशियाचा प्रतिनिधी म्हणून हजर होता. आता ज्या गृहस्थाची गोष्ट सांगावयाची, त्याचे सारे दुर्दैव त्याच दिवसाच्या सायंकाळभोवती फिरते.

विल्यम सायबोर्न हा इंग्रजी सैन्यातील एक लेफ्टनंट. तो स्वतः वॉटर्लूला लढलेला नव्हता. लढाईनंतर फ्रान्समध्ये गेलेल्या फौजेत तो होता. भूमीची मोजणी करण्यात आणि तिचे नमुने बनवण्यात त्याचा हात धरणारे थोडे. १८३० साली सरसेनापती लॉर्ड हिल याच्या सांगण्यावरून त्याच्याकडे वॉटर्लूच्या रणांगणाची प्रतिकृती करण्याचे काम आले. सायबोर्नने ते काम किती मनावर घ्यावे? तो रणांगणाच्या मध्यभागी असलेल्या ‘ला ए सँत’ नावाच्या शेतवाडीत आठ महिने जाऊन राहिला आणि त्याने तेथील इंचन्‌इंच जमीन मोजली. मग त्याने हयात असलेल्या अधिकाऱ्यांना छापील पत्रे पाठवली. सायंकाळी सातच्या सुमारास, नेपोलियनची जुनी गार्ड पलटण शेवटचा हल्ला करीत असताना, आपली तुकडी नेमकी कोठे होती? समोर कोण होते? आणि आपण उभे होता त्या शेतात पीक कोणते होते?

हा शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. इतिहासकार राजांच्या हेतूंविषयी पानेच्या पाने लिहितात. शेतात काय उभे होते हे विचारावयास पुतळे मांडणारा माणूस लागतो. कारण पुतळा हवेत ठेवता येत नाही. लिहिणारा “मग घोडदळ पुढे सरसावले” असे म्हणून मोकळा होतो. मांडणाऱ्याला ते घोडदळ कोणत्या बांधावरून, कोणत्या पिकातून, कोणाच्या डावीकडून सरसावले हे ठरवल्यावाचून हात उचलता येत नाही.

सुमारे सातशे पत्रे त्याच्याकडे आली. एकाच घटनेविषयी तीन माणसांनी तीन गोष्टी लिहिल्या. दरम्यान १८३३ साली सरकार बदललेले होते आणि नव्या सरकारने पैसा देण्याचे नाकारले. सायबोर्नने कर्ज काढले. एकंदर खर्च तीन हजार पौंडांच्या घरात गेला. लेफ्टनंटच्या पगारात हा आकडा कसा बसावा ते आपणच पाहा. १८३८ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये प्रतिकृती लोकांना खुली झाली. लांबीरुंदी वीस फुटांच्या आसपास, वर सुमारे ७५ हजार शिशाकथलाचे चिमुकले शिपाई. एकेक शिपाई दोन माणसांच्या जागी. तोफांच्या धुरासाठी कापूस. लाखभर माणसे ती पाहून गेली असे सांगतात. पण तिकिटांचे पैसे सायबोर्नच्या हाती नीटसे पडलेच नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट. सायंकाळी सात वाजता रणांगणावर कोण कोण होते? सायबोर्नने इंग्रज अधिकाऱ्यांप्रमाणे प्रशियन सेनेकडूनही माहिती मागवली होती. उत्तर असे निघाले, की त्या वेळी ब्ल्यूखरची प्रशियन फौज हजारोंच्या संख्येने नेपोलियनच्या उजव्या बगलेला भिडली होती आणि प्लान्सन्वा या गावात साडेचारनंतर घनघोर लढाई चालू होती. त्याने पुराव्याप्रमाणे पुतळे मांडले. मग एका नजरेत जे दिसू लागले ते वेलिंग्टनच्या गोटात रुचण्यासारखे नव्हते. ड्यूकची प्रसिद्ध कथा अशी, की त्याच्या फौजेने गार्ड पलटण परतवली, लढाई जिंकली आणि प्रशियनांनी पाठलाग केला. त्याने १८१५ सालच्या आपल्या खलित्यात प्रशियनांचे आभार मानलेले आहेत. पण आभार मानणे वेगळे, आणि वीस फुटांच्या मेजावर त्यांना आपल्या शेजारी तितक्याच दाटीने उभे राहिलेले पाहणे वेगळे. ड्यूकच्या वर्तुळातून नाराजी कळवण्यात आली. नोकरी सरकारी, डोक्यावर कर्ज, आणि ज्याच्या कृपेने ते फिटायचे तोच नाराज. अखेर सायबोर्न नमला. प्रशियन पुतळे हजारोंनी उचलले गेले.

माणसाने शाईने लिहिलेले वाक्य खोडले तर खोडलेले दिसते. येथे खोडण्याची खूणही राहत नाही. जेथे फौज होती तेथे हिरवे शेत उरते. वेलिंग्टन स्वतः म्हणे, की लढाईचा इतिहास लिहिणे हे नृत्यसमारंभाचा इतिहास लिहिण्यासारखे आहे. कोण कोठे होते आणि कधी होते हे कोणालाच सांगता येत नाही. बोलणे मार्मिक आहे. पण ज्याने सातशे जणांना विचारून ते सांगण्याचा यत्न केला, त्याच्याविरुद्ध ते वापरावे, यात सेनापतीचा मोठेपणा मला दिसत नाही.

सायबोर्नने पुढे १८४४ साली त्या मोहिमेचा इतिहास लिहिला आणि १८४९ साली तो वारला. सरकारने त्याची भरपाई केली नाही. त्याची प्रतिकृती लंडनच्या नॅशनल आर्मी म्यूझियममध्ये जपलेली आहे. त्याच्या मुलाने १८९१ साली त्या पत्रांपैकी पुष्कळशी छापून काढली. पत्रांतून पुतळे उचलता आले नाहीत, म्हणून आज वॉटर्लूचा कोणताही अभ्यासक त्यांच्यावाचून पुढे जात नाही.

येथवर सारे लष्करी. घरगुती छंदाकडे वळताना खेळण्यांच्या बाजारात डोकवावे लागते. न्यूरेंबर्गला अठराव्या शतकापासून कथलाचे चपटे शिपाई ओतले जात. इंग्लंडात १८९३ साली ब्रिटन नावाच्या कारखानदाराने आतून पोकळ शिपाई ओतण्याची युक्ती काढली. शिसे कमी लागले, किंमत उतरली आणि मध्यम वर्गाच्या मुलांच्या पेटीत पलटणी आल्या. त्या पेट्यांवर बापांची नजर गेली. कादंबरीकार एच्. जी. वेल्स याने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचे छोटे पुस्तक लिहून जमिनीवर खेळावयाच्या लढाईचे नियम दिले. त्याच्याकडे फासे नव्हते. स्प्रिंगची खेळण्यातील तोफ होती आणि तिच्यातून लाकडी गोळा उडे. नेम लागला तर शिपाई पडला. वेल्सने पुस्तकाच्या शेवटी खऱ्या युद्धखोरांना चिमटा काढला आहे: तुम्हांला हौसच असेल तर ही लहान लढाई खेळा, मोठी नको. पुढच्याच वर्षीच्या ऑगस्टात मोठी सुरू झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा छंद पुन्हा वर आला तो लढून परतलेल्या माणसांच्या हातून. इंग्लंडात साउदॅम्प्टनचा डोनल्ड फेदरस्टोन रणगाड्यांच्या पलटणीत होता. १९६२ साली निघालेल्या त्याच्या ‘वॉर गेम्स’ या पुस्तकाने पुष्कळांना वेड लावले. ब्रिगेडियर पीटर यंग कमांडो होता. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या जॅक स्क्रबीने १९५७ पासून या छंदाचे नियतकालिक चालवले. ज्यांनी खरे रक्त पाहिले त्यांना शिशाचे शिपाई पाडण्यात काय गोडी वाटली असेल, असे आपल्या मनात येईल. मला वाटते, रणात ज्या प्रश्नाचा विचार करावयास सवड नसते, तो प्रश्न दिवाणखान्यात बसून विचारता येतो: दुसरे काही करता आले असते काय?

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे, आणि तेच कठीण. मे १९४२ मध्ये जपानी आरमाराने मिडवेच्या स्वारीची तालीम ‘यामाटो’ या युद्धनौकेवर पटावर केली. तिची हकीकत फुचिदा आणि ओकुमिया या दोन जपानी अधिकाऱ्यांनी युद्धानंतर लिहिली. अमेरिकन विमानांच्या हल्ल्यात किती बॉम्ब लागले ते ठरवण्यासाठी ओकुमियाने फासा टाकला; दान नऊ बॉम्बांचे पडले आणि दोन विमानवाहू जहाजे बुडाल्याचे जाहीर झाले. ॲडमिरल उगाकी म्हणाला, नऊ नव्हे, तीनच. एक जहाज वर आले. दुसरेही पुढच्या डावात पुन्हा पाण्यावर तरंगू लागले. महिन्याभरात खऱ्या समुद्रात चार जपानी विमानवाहू जहाजे तळाला गेली. तेथे निर्णय फिरवणारे कोणी नव्हते. सायबोर्नच्या मेजावरून पुतळे उचलणारा हात आणि हा हात यांत मला फारसा फरक दिसत नाही.

आता घराकडे येऊ. जगातील हे छांदिष्ट ज्या हिंदी लढाया आवडीने मांडतात त्यांत असईची लढाई आहे. जागा आपल्या जालना जिल्ह्यातली, तारीख २३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले. दुसऱ्या बाजूला आर्थर वेल्स्ली, म्हणजे तोच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. लढाई दोन नद्यांच्या बेचक्यात झाली. त्यांपैकी दक्षिणेकडील नदीचे नाव खेळणा! इंग्रजांनी ते कायटना असे करून टाकले, नाहीतर या छंदाला याहून शोभणारे नाव शोधून सापडते ना.

वेल्स्लीपाशी साडेचार हजारांच्या आसपास फौज, आणि शिंद्यांचे नुसते कवायती पायदळच दहा-अकरा हजार. शिवाय शंभराच्या आसपास तोफा आणि दोन्ही सरदारांचे अफाट घोडदळ. नदीला उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले. वेल्स्लीने दुर्बिणीतून पाहिले, तो पिंपळगावासमोर पैलतीरावर दुसरे गाव दिसले. दोन गावे अशी समोरासमोर वसतात ती मध्ये उतार असल्याखेरीज नव्हे, असा त्याने तर्क बांधला. तर्क खरा ठरला आणि तो शिंद्यांच्या डाव्या बगलेवर उतरला.

मेजावर हे जमत नाही, ही मोठी गंमत आहे. खेळाडूला निकाल ठाऊक असतो. नकाशावर उतार काढलेला असतो. त्याला तर्क करावाच लागत नाही. शिंद्यांकडून खेळणारा पहिल्या डावातच पिंपळगावासमोर चार तोफा नेऊन ठेवतो. उलट पक्षी, शिंद्यांचा हॅनोवरी सेनानी पोलमान याने ऐन वेळी साऱ्या फळीचे तोंड फिरवून नव्या दिशेने उभे केले. ही कवायत इतक्या झटपट झाली, की वेल्स्लीला तिचा अचंबा वाटला. इंग्रजी ग्रंथांच्या आधाराने रचलेल्या नियमांत ‘देशी फौज’ म्हणून जर हालचालीचे आकडे कमी धरले, तर पोलमानने जे प्रत्यक्ष केले ते पटावर करताच येणार नाही. तसेच ऑरकचे. इंग्रजांच्या उजव्या टोकाच्या तुकड्या याच्या हाताखाली. असई गावापासून दूर राहा असा त्याला हुकूम. तो सरळ गावाच्या तोफांवर गेला, मागोमाग ७४वी हायलँडर पलटण गेली, आणि त्या पलटणीचा एक अधिकारी सोडून बाकी सारे मेले किंवा जखमी झाले. शहाणा खेळाडू ही चूक कशाला करील? म्हणून पंच लागतो, लेखी हुकूम लागतात आणि कधीकधी फासा लागतो. राइस्विट्झचे शहाणपण येथे कळते.

या खेळात प्रत्येक पलटणीला तिच्या हिमतीचा एक आकडा द्यावा लागतो. किती नुकसान सोसल्यावर ती मोडेल, ते त्यावर ठरते. शिंद्यांच्या गोलंदाजांना कोणता आकडा द्यावा? ते तोफांशेजारी उभे राहिले आणि संगिनी छातीत शिरेपर्यंत हलले नाहीत. काही मेल्याचे सोंग घेऊन पडले आणि इंग्रजांची फळी पुढे जाताच उठून त्यांच्याच तोफांनी त्यांच्या पाठीवर मारा करू लागले. इंग्रजांचे दीड हजारांहून अधिक लोक त्या दुपारी पडले, म्हणजे तिघांमागे एक. ही हकीकत शत्रूच्याच लेखणीतून आलेली आहे. आपल्याकडे कोणी सायबोर्न झाला नाही. लढाईनंतर वीस वर्षांनी शिंद्यांच्या वाचलेल्या गोलंदाजांना कोणी विचारले नाही, की बाबांनो, सायंकाळी आपण कोठे होता, समोर कोण होते, आणि शेतात पीक कोणते होते. सप्टेंबरची अखेर, म्हणजे ज्वारी उभी असणार. ती किती उंच होती, तिच्यातून गावाची भिंत दिसत होती की नव्हती, यावर ऑरकची चूक ही मूर्खपणा ठरते की नाइलाज ठरतो.

वेल्स्लीला म्हातारपणी विचारले, की आपल्या हातून रणात सर्वांत चांगले काय घडले, तो एकच शब्द बोलला, “असई.” वॉटर्लूचे नाव त्याने घेतले नाही.

म्हणून मेजावर असई मांडली म्हणजे शिंद्यांचा खेळाडू हटकून तक्रार करतो: मला पिंपळगावाचा उतार ठाऊक होता, मी तो का धरू नये? हे वाजवी आहे. नदी त्याच्याच मुलखातली, आणि त्याचे घोडदळ तीवर कित्येक दिवस पाणी पीत होते. पंचाने होकार दिला, तर वेल्स्ली पैलतीरीच अडकतो आणि तोफा त्याला तेथेच भाजून काढतात. नकार दिला, तर शिंद्यांच्या छावणीत त्या दुपारी उतारावर पहारा का नव्हता, हे पंचाला सांगावे लागते. आणि ते सांगणारा कागद त्याच्यापाशी नसतो.